पत्रकांच्या लगद्याची शेगडी

डिसेंबरातल्या एका संध्याकाळी मी घरी आले, तर माझी पत्रकं घमेल्यात भिजत होती. पाण्यावर मेथीदाणे तरंगत होते. आई पदर खोचून, मनगटाच्या वरपर्यंत हात आत घालून तो कागद मळत होती. एका चिटोऱ्यावर ‘शाळा’ एवढं अजून वाचता येत होतं. माझ्या डोळ्यांसमोर तिनं ते मुठीत धरलं आणि पिळलं.

“काय करून राह्यली वं आई?”

“लगदा.”

“माये पत्रकं होते थे.”

“होते ना. जुलैपासून बाजेखाली पडून होते. कोणी वाचून राह्यलं होतं काय? शाळा तं गेली.”

मी चपला काढून ओट्यावर बसले. भांडायचं होतं. पण त्या दिवशी पंचायत समितीच्या व्हरांड्यात चार तास बसून आले होते आणि साहेब आलेच नव्हते. भांडायला लागतं तेवढं बळही उरलं नव्हतं.

ते पत्रक मी लिहिलं होतं. आमच्या गावातली जिल्हा परिषदेची शाळा चौथीपर्यंत. पट कमी झाला म्हणून ती बंद करायची आणि पोरांना शेजारच्या गावी पाठवायचं, असं वरून आलं. आम्ही पाच-सहा जणांनी विहाराच्या ओट्यावर बैठका घेतल्या. लिहायचं काम माझ्याकडे आलं, कारण मला तेवढं एक नीट येतं. शाळा बंद करणारे तर त्यात होतेच, शिवाय तालुक्याच्या गावच्या, मानोऱ्यातल्या इंग्रजी शाळांवर मी दोन परिच्छेद झाडले होते. टाय आणि पिवळ्या गाड्या दाखवून गावची पोरं पळवतात, या शाळा नाहीत, दुकानं आहेत, असं स्पष्ट लिहिलं होतं. आजही त्यातला एक शब्द मी मागे घेत नाही.

जूनमध्ये मी अशाच एका शाळेच्या गेटवर उभी राहून ती पत्रकं वाटली. मुख्य मॅडम बाहेर आल्या. माझ्या हातातलं पत्रक घेतलं, उभ्या उभ्या पूर्ण वाचलं, चार घड्या घालून परत माझ्याच हातात दिलं. “भाषा चांगली आहे,” म्हणाल्या. “मुलं मात्र आमच्याकडेच येणार.” मी त्यांना बरंच ऐकवलं. वॉचमन मध्ये पडला. जुलैत आमच्या शाळेला कुलूप लागलं आणि उरलेला गठ्ठा आईच्या बाजेखाली गेला.

त्याच शाळेत दिवाळीनंतर माझी मोठी बहीण नोकरीला लागली.

ताईचं डी.एड. झालेलं आहे. लग्न झालं, मोडलं, लहानग्या पोरीला घेऊन ती परत आली. दोन वर्षं सरकारी भरतीची वाट पाहत ती आईबरोबर कापूस वेचायला जात होती. बोंडाच्या टोकांनी तिची बोटं कायम ओरबाडलेली. मग या शाळेत केजीची एक जागा रिकामी झाली, कारण तिथली टीचर बाळंतपणाला रिसोडला माहेरी गेली. ताईला बदली म्हणून घेतलं. ती टीचर परत आली तर काय, हे ताईनं विचारलं तेव्हा मॅडम म्हणाल्या, “नाताळचं प्रदर्शन होऊ द्या. मग ठरवू कोणाला ठेवायचं ते.”

म्हणजे पुढचं सगळं त्या प्रदर्शनावर होतं. ताईला दुसरी शाळा नव्हती. शाळा मिळाली नाही तर पुन्हा कापूस, आणि कापूस संपला की तेही नाही.

ताईनं मला एकच अट घातली होती. “शाळेत कोणाले कळू नको देऊ तू मायी बहीण हायेस ते.” अट बरोबर होती. तरी पुढचे चार दिवस मी तिच्याशी तुटक बोलत होते.

प्रदर्शन म्हणजे एक बाहुलीघर. मॅडमनी पुण्याहून आणलेलं, लाकडी, खाली दोन खोल्या, वर दोन. प्रत्येक खोली खणासारखी बाहेर निघायची. चार टीचरना चार खोल्या घरी दिल्या होत्या आणि सोबत यादी. भिंतीत शेकोटी, तिच्यावर टांगलेले मोजे, झाड, बर्फ, सांताक्लॉज. यादीच्या खाली लाल अक्षरात, ‘विकत आणलेलं चालणार नाही, हाताने केलेलं हवं’. ताईची खोली खालची डावी, दीड वीत रुंद. ती तिनं ओढणीत गुंडाळून जीपमधून मांडीवर आणली.

“आमच्या पोरांनी गारा पाह्यल्या. बर्फ कुठी पाह्यला?” मी म्हणाले. “हे कोणासाठी चाललंय? पालकांना दाखवायले. पोरांचा काय संबंध?”

“तू भाषण नको देऊ. कात्री दे.”

मी कात्री दिली.

आठवडाभर घरात हेच. ताई शाळेतून आली की चहा पिऊन खाली बसायची. मांजर अंगावरून गेलं तरी तिला पत्ता नसायचा. झाड तिनं भाचीच्या जुन्या दुधाच्या बाटलीच्या ब्रशचं केलं. ब्रशला हिरवा रंग दिला, तळाला बाटलीचं झाकण, टोकाला चॉकलेटच्या चांदीची चांदणी. ते झाड खरंच चांगलं झालं होतं, कबूल करते. खुर्च्या ज्वारीच्या धांड्याच्या. आता आमच्याकडे सगळं सोयाबीन, पण विहिरीच्या कडेला कोणी ना कोणी चार ओळी ज्वारी लावतं. धांड्याची साल काढायची, आतला भेंड कापायचा आणि सालीच्या काड्यांनी जोडायचा. लहानपणी आम्ही याच्या बैलगाड्या करायचो. ताईचे हात ते विसरले नव्हते.

मोजे भाचीच्या लाल मोज्याच्या टोकांतून कापले. सुईत दोरा ओवताना तिनं जीभ बाहेर काढलेली, पाचवीत असताना काढायची तशीच.

आईनं ते पाहिलं. “हे मोजे कायले टांगले भितीवर? वाळू घातले काय?”

“नाई वं. रातच्याले सांता येते आन् त्यात खाऊ टाकते.”

“मोज्यात?” आई म्हणाली. “खाऊ?” आणि ती हात धुवायला गेली.

बर्फ कापसाचा. आई दिवसभर वेचून यायची आणि घरी पाहावं तर भाची मूठभर कापूस घेऊन त्यातली सरकी काढत बसलेली, ताई तो विंचरून खिडकीत अंथरत असलेली. आई दारातच थबकायची. “वेचूवेचू कंबर गेली, आन् तुमी पुन्हा अंथरून राह्यल्या.” ती हे रोज म्हणायची. दुसऱ्या दिवशीपासून कोणी हसायचंही नाही.

राहिली होती ती शेकोटी. भिंतीत शेकोटी कशी असते हे आमच्यातल्या कोणीच पाहिलं नव्हतं. ताईनं मोबाइलवर चित्र दाखवलं. आई म्हणाली लगद्याची करू, लगदा पाहिजे तसा वळतो. तिच्या आईकडे दुरड्यांना लगदाच थापत. घरात कोरा कागद नव्हता. म्हणून माझी पत्रकं.

तर आता मुख्य चूक सांगते. ती आईची म्हणतात, पण निम्मी माझी आहे.

बाजाराच्या दिवशी आई कामाला गेली नव्हती. ताई शाळेत होती. मला कणकण होती म्हणून मी पडून होते. आई लगद्याचा गोळा मांडीवर घेऊन बसली आणि तिनं विचारलं, “हा सण कायचा व्हय पण?”

ताईनं तिला मोजे, झाड, बर्फ सगळं सांगितलं होतं. हे एवढं मात्र सांगितलं नव्हतं. मी सांगितलं. मला सांगायची एकच पद्धत येते.

“एक बाई होती,” मी म्हणाले. “दिवस भरलेली. सरकारचा हुकूम निघाला का सगळ्यांनी आपापल्या गावी जाऊन नाव नोंदवा. नवऱ्यासोबत चालत गेली बिचारी. पोहोचली तं कोणी जागा देईना. शेवटी ढोरांच्या कोठ्यात बाळंत झाली. लेकरू गव्हाणीत ठेवलं. त्या लेकराचा हा सण.”

आईचे हात थांबले.

“दाई होती?”

“माहीत नाई.”

“शेक दिला काय तिले?”

“लिहेल नाई कुठी.”

“दिवस कायचे होते?”

“हेच. हिवाळ्याचे.”

“आन् तुमी मोजे टांगून राह्यल्या,” आई म्हणाली. तेवढ्यात माझा डोळा लागला.

संध्याकाळी ताई आली तेव्हा मला जाग आली. ताई दारातच उभी होती आणि बराच वेळ आत येत नव्हती. मी उठून पाहिलं.

बाहुलीघराची खोली बदलली होती. आईनं भेंडाची आणि तुराटीच्या काड्यांची बाज केली होती, वीतभरही नाही, पण सुतळीचे धागे सोडवून ती खरी विणली होती. बाजेवर ब्लाउजच्या तुकड्यांची वाकळ. वाकळीखाली चिंधीची बाहुली, तिच्या डोक्याला आणि कानांना पांढरं फडकं घट्ट बांधलेलं. बाजूला बोटाएवढं लेकरू, तेही गुंडाळलेलं. बाजेखाली शेगडी. भिंतीत नाही, बाजेखाली. माझ्या पत्रकांच्या लगद्याची, गोल, पुढून तोंड असलेली, दुपारच्या उन्हात वाळवलेली. आत निखारे म्हणून गुंजा. लाल, टोकाला काळ्या. इतके खरे निखारे मी चित्रातही पाहिले नाहीत. कोपऱ्यात बाटलीच्या झाकणात चिमूटभर ओवा, धुरीसाठी. दाराला कडुनिंबाची दोन पानं. ताईचं झाड एका कडेला सरकवलेलं.

आमच्या घरात सटवीची पूजा आजोबांच्या काळातच बंद झाली. धर्म बदलला तेव्हा ते सगळं गेलं, आणि बरंच झालं. पण बाज, शेगडी, ओवा, कानाला फडकं, हे कोणी बंद केलं नाही. त्यात देव नव्हता. ती ऊब होती. एवढं मला मान्य आहे. पण उशाखाली आईनं पत्र्याचा चिमुकला विळा ठेवला होता, तो मी उचलला.

“हे काय आता? भूतबाधा?”

“कायची भूतबाधा. नाळ कशानं कापाची?”

“ब्लेड असते, आई.”

“कोठ्यात होती ना थे? तू तं सांगितलं. कोठ्यात ब्लेड कुठून आणते? इळा असते कोठ्यात.”

मी विळा परत ठेवला.

ताई अजून दारात होती. तिनं एकच विचारलं. “आई, सांता कुठी हाये?”

सांता काडेपेटीवर बसला होता. खोलीच्या बाहेर, दाराशी, भिंतीकडे पाठ करून. तो ताईनं जुन्या प्लास्टिकच्या बाहुल्याला लाल कापड आणि कापसाची दाढी लावून केला होता.

“बाहेर काहून बसवला?”

“मंग? म्हातारा असो का कोणी असो, गडीमाणूस व्हय. सव्वा महिना बाळंतिणीच्या खोलीत जात नाई. खाऊ आणला म्हणते ना? ओट्यावर ठेव म्हणा.”

मी हसले. ताई हसली नाही. ती खाली बसली, पर्स अंगावरच. “मले शेकोटी भितीत पाह्यजे होती. उद्या नेऊन द्या लागते. आता मॅडम मले हाकलते.” आवाज चढवून नाही बोलली. दमलेलं माणूस बोलतं तसं, जणू निर्णय झालेलाच आहे.

आई म्हणाली, “पुन्हा करतो मी. लगदा हाये.”

“ऊन गेलं आता. सकाळपर्यंत वाळत नाई, आई.”

भाची येऊन पालथी पडून खोलीत बघत होती. तिचा जन्म मानोऱ्याच्या दवाखान्यातला, पण तिसऱ्या दिवशी तिला आणि ताईला आईनं याच घरात आणलं होतं. आईच्या बाजेवर ताई सव्वा महिना होती, खाली शेगडी, कानाला फडकं. सासरचं तेव्हा कोणी आलं नाही. ताईनं हात पुढं केला. मला वाटलं, ती सगळं काढून टाकणार. तिनं दोन बोटांनी बाज उचलली आणि थोडी आत, कोपऱ्याकडे ठेवली.

“दारासमोर नको,” ती म्हणाली. “झोत लागते.”

सकाळी खोली न्यायला माझीच गरज पडली. ताईकडे मुलांच्या टोप्यांची पिशवी होती, आणि बाज धक्क्यात मोडली असती. मी स्कार्फ असा बांधला की फक्त डोळे दिसावेत. आमच्याकडे सगळ्याच मुली बांधतात, त्यात संशय घेण्यासारखं काही नाही. काळीपिवळी जीपमध्ये मी खोका मांडीवर धरून बसले. प्रत्येक गतिरोधकाला गुंजा घरंगळायच्या आणि ताई वाकून त्या परत शेगडीत टाकायची. शेजारची बाई म्हणाली, “काय हाये वं खोक्यात, पिल्लू?” ताई म्हणाली, “हो.”

मॅडमच्या ऑफिसात बाकी तीन खोल्या आधीच आल्या होत्या. त्या चांगल्या होत्या. चकचकीत. एकीत दिव्यांची माळ लागत-विझत होती. आमची ठेवली आणि मॅडम चष्मा लावून वाकल्या.

“हे आजारी कोण आहे, टीचर?”

“आजारी नाही, मॅडम. म्हणजे, बाळ झालंय ना. मेरी.”

“खाटेवर?”

ताईनं वाकळीची कड सरळ केली.

“हे बघा, मेहनत दिसतेय. पण हे डिप्रेसिंग आहे. पालकांना आनंदी वाटलं पाहिजे. खाट काढा. पानं काढा. सांता आत घ्या, तो बाहेर का बसलाय? शेकोटी छान आहे, ती राहू द्या. भिंतीला लावा.” मग त्यांनी शेगडी उचलून हातावर घेतली. “किती हलकी आहे. कशाची?”

“रद्दीची,” ताई म्हणाली. “कागदाचा लगदा.”

मॅडमनी शेगडी उलटी करून पाहिली. माझं पूर्ण पत्रक त्यांच्या तळहातावर होतं, मागण्यांसकट, आणि त्यांच्या शाळेवरचे दोन्ही परिच्छेद. जूनमध्ये त्यांनी ते वाचून परत दिलं होतं. आता म्हणाल्या, “व्हेरी नाइस.”

माझ्या तोंडात वाक्यं तयार होती. मला ती तयार करावी लागत नाहीत, येतातच. बाळंतपणाला आजारपण म्हणता, आणि सण बाळंतपणाचाच साजरा करता, हे पहिलं. ताईनं माझ्याकडे पाहिलं नाही. ती बाज उचलत होती.

मॅडम माझ्याकडे वळल्या. “या कोण?”

“गावातली हाये,” ताई म्हणाली. “खोका धराले आली.”

“स्कार्फ काढा ना. इथं कुठं ऊन आहे?”

“सर्दी आहे,” मी म्हणाले. आवाज तसा बसलेलाच होता. आयुष्यात पहिल्यांदा मी कुणासमोर एवढंच बोलून थांबले. मॅडमनी क्षणभर माझ्या डोळ्यांकडे पाहिलं, मग त्यांचा फोन वाजला.

परतताना माझ्या पिशवीत बाज, वाकळ, बाळंतीण, लेकरू आणि विळा होता. ताईनं सगळं तिच्या रुमालात बांधून दिलं होतं.

प्रदर्शनाला आई म्हणाली, मी येते. मी नको म्हटलं. ती म्हणाली, “तुया सारखं मायं तोंड कोणाले माहीत नाई.” म्हणून आम्ही दोघी गेलो, मी पुन्हा स्कार्फ बांधून, शेवटच्या रांगेत. हॉलमध्ये बाहुलीघर टेबलावर. पालकांची रांग. गावागावांतल्या आया आल्या होत्या, ठेवणीतल्या साड्या नेसून, पोराला हाताशी धरून. वरच्या खोल्यांपुढून त्या भराभर सरकत होत्या. ताईच्या खोलीपुढं मात्र रांग अडकत होती.

एकीनं वाकून पाहिलं. तांड्याकडची असावी, लेकरू तिच्या कमरेला बिलगलेलं. “ही तं बाळंतिणीची शेगडी व्हय,” ती मागच्या बाईला म्हणाली. “हा ओवा. पाह्य. बाळंतीण कुठी गेली?”

मॅडमच्या नजरेतून ओव्याचं झाकण सुटलं होतं.

मागची बाई हसली. ताई टेबलापाशी उभी होती, काही बोलणार होती. तेवढ्यात रांगेबाहेरून कोणीतरी उत्तर दिलं.

“उठली,” ती म्हणाली. “सव्वा महिना व्हायच्या आधीच उठली.”

ती बाई ताईपेक्षा लहान होती. स्वेटर, त्यावर शाल, कानांना आणि डोक्याला फडकं बांधलेलं. चेहरा पिवळा पडलेला. तिच्या आईच्या हातात दुपट्यात गुंडाळलेलं लेकरू. हॉलमधली दोन-तीन पोरं “टीचर, टीचर” करत तिच्याकडे पळाली आणि मला कळलं ही कोण. रिसोडहून एसटीनं आली होती. लेकरू जेमतेम पंचवीस दिवसांचं. प्रदर्शनानंतर ठरवणार आहेत हे तिलाही कोणीतरी सांगितलं होतं.

ती खोलीपुढं उभी राहिली. शेगडीकडे पाहिलं. “छान केली,” ती ताईला म्हणाली. “गुंजा कुठून आणल्या?”

“आईनं आणल्या. नाल्याच्या काठी हाये वेल.”

“मले पाच दिवसच शेक भेटला,” ती म्हणाली. “मग ढग आले आन् गौऱ्या ओल्या झाल्या.” साधं सांगत होती. भांडायला आली नव्हती. ताईनं तिला खुर्ची आणून दिली. माझी आई मागून पुढं गेली, कोणाला न विचारता तिच्या कानावरचं सैल झालेलं फडकं सोडून परत घट्ट बांधलं आणि म्हणाली, “वाऱ्यात कायले आली वं बाई?”

“नोकरी हाये ना, मावशी.”

आई ताईकडे पाहू लागली. ताई जमिनीकडे.

त्या दिवशी संध्याकाळी मॅडमनी दोघींना ऑफिसात बोलावलं. ताईनं आम्हाला घरी आल्यावर सांगितलं, भाकरी थापता थापता, पाठ आमच्याकडे. मॅडम त्या टीचरला म्हणाल्या, तुम्ही आता आराम करा, बाळ महत्त्वाचं, पुढच्या वर्षी बघू. ताईला म्हणाल्या, तुमच्या खोलीपुढं सगळ्यांत जास्त पालक थांबले, तुम्ही जूनपर्यंत राहा. मग टेबलावरचा एक गठ्ठा ताईच्या हातात दिला. नव्या वर्षाच्या प्रवेशाची पत्रकं. प्रत्येक टीचरनं आपापल्या गावात वाटायची.

“ती काय म्हणाली?” मी विचारलं.

“कोण?”

“ती टीचर.”

“काही नाई. ‘तुमचं अभिनंदन’ म्हणे.” ताईनं भाकरी उलटली. “बसस्टँडवर गेली ना मी तिच्यासोबत. लेकरू धरलं तिचं, ती तिकीट काढेपर्यंत.”

याच्यावर पत्रक होतं. मला माहीत होतं. बाळंतपणाला गेलेल्या बाईची नोकरी अशी काढून घेणं, याच्यावर मी अर्ध्या तासात पत्रक लिहून देते आणि ते चांगलं असतं. दुसऱ्या दिवशी दुपारी मी वही घेऊन बसले. मथळा टाकला. पहिला परिच्छेद झाला. दुसऱ्यात त्या जागेवर कोणाला ठेवलं हे यायला हवं होतं, आणि तिथं पेन अडलं. ताई मागून येऊन उभी राहिली, वाचलं तिनं.

“लिव्ह,” ती म्हणाली. “खोटं नाई हाये. फक्त छापायच्या आधी मले सांगजो. मले राजीनामा लिवा लागन.”

टोमणा असता तर मी उत्तर दिलं असतं. ती खरंच सांगत होती. तिच्या बोटांवरचे ओरबाडे आता कुठं भरत आले होते.

मी वही मिटली. शाळा वाचवताना हरले तेव्हा एवढी थकले नव्हते. तेव्हा निदान समोर कोण आहे हे माहीत होतं.

ताईनं प्रवेशाच्या पत्रकांचा गठ्ठा आईच्या बाजेखाली सरकवला. माझा होता त्याच जागी. रविवारी ती वाटायला निघणार आहे. गावात शाळा नाही, तेव्हा लोक घेतील. मी तिच्यासोबत जाणार नाही हे मी सांगितलं आहे. ती म्हणाली, “तुले कोणं बोलावलं?”

भाची त्या छोट्या बाजेशी खेळत असते. बाळंतिणीला उठवते, फिरवते, परत निजवते. खेळता खेळता बाजेचा एक पाय मोडला. आईनं तो हातात घेऊन पाहिला आणि माझ्याकडे आली. मी वहीतली तीच दोन पानं उघडून बसले होते.

“तुयं लिहून होऊन राह्यलं का नाई?” आई म्हणाली. “लगद्याले कागद पाह्यजे मले. एक-दोनच.”

मी वाकले, बाजेखालून ताईच्या गठ्ठ्यातली वरची दोन पत्रकं काढली आणि तिला दिली. माझी पानं वहीतच आहेत. दुसरा परिच्छेद अजून अर्धा आहे.